चूक समोरच्याची, गाडी आपली: अपघातानंतर विम्याचे पैसे कसे मिळवायचे

नाशिकला मुंबई नाक्यावर सिग्नल लाल होता आणि माझी गाडी उभी होती. मागून टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप आली ती थेट डिकीवर. मागच्या सीटवर आई बसलेली. खाली उतरून बघतो तर मागच्या दिव्याचा लाल चुरा रस्ताभर, डिकीचं दार आत दबलेलं, आणि फुटलेल्या क्रेटमधले टोमॅटो चाकाखाली. पिकअपचा ड्रायव्हर पंचविशीतला पोरगा होता. हात जोडून म्हणाला, "साहेब, चूक माझीच आहे. खिशात तीन हजार आहेत, ते घ्या. मालकाला कळलं तर काम जाईल माझं." भोवती जमलेले लोक म्हणाले, "मिटवून टाका हो. तुमचा इन्शुरन्स आहे ना?"

इन्शुरन्स होता. पण "इन्शुरन्स आहे ना" म्हणजे नेमकं काय, कुणाचा, कशासाठी आणि किती, हे मला पुढच्या चार महिन्यांत कळलं. तो पोरगा मला आजही वाईट माणूस वाटत नाही. पण ते तीन हजार घेऊन मी निघालो असतो तर जवळपास पस्तीस हजारांना बसलो असतो. तो हिशेब पुढे मांडतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू

बहुतेकांना वाटतं की चूक समोरच्याची असेल तर समोरच्याची विमा कंपनी आपली गाडी दुरुस्त करून देते. आपल्याकडे तसं होत नाही. समोरच्याच्या कंपनीचा करार त्याच्याशी आहे, तुमच्याशी नाही. तुम्ही तिच्या कॉल सेंटरला फोन केलात तर बहुधा एकच उत्तर मिळतं: न्यायाधिकरणात जा. म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण, जे साधारणपणे जिल्हा न्यायालयातच बसतं.

तेव्हा वाटा दोन. पहिली, आपल्याच पॉलिसीतल्या 'ओन डॅमेज' भागातून गाडी दुरुस्त करून घ्यायची. यात चूक कुणाची हा प्रश्नच येत नाही, पैसे आठवड्यांत मिळतात, पण काही कपात होते आणि नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जाते. दुसरी, समोरच्याच्या थर्ड पार्टी विम्यावर, म्हणजे त्याच्या गाडीने इतरांचं केलेलं नुकसान भरून देणाऱ्या विम्यावर, न्यायाधिकरणात दावा लावायचा. यात भरपाई पूर्ण मागता येते, पण वेळ लागतो आणि चूक त्याचीच होती हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं.

माझं मत सरळ आहे. फक्त गाडीचं नुकसान असेल तर आधी पहिली वाट धरा, गाडी रस्त्यावर आणा, आणि खिशातून जे गेलं तेवढं समोरच्याकडून वसूल करा. माणसाला लागलं असेल तर दुसरी वाट टाळू नका. आणि दोन्ही वाटांना लागणारे पुरावे पहिल्या अर्ध्या तासातच गोळा होतात, नंतर ते मिळत नाहीत.

पहिला अर्धा तास

आधी माणसं बघा. कुणाला लागलं असेल तर १०८ ला रुग्णवाहिका, ११२ ला पोलिस. राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. हायवेवर गाडीच्या आसपास घोटाळत उभं राहू नका. धोक्याचे दिवे लावा, त्रिकोण मागे दूरवर ठेवा आणि घरच्यांना रेलिंगच्या पलीकडे न्या. दुसरी धडक पहिलीपेक्षा वाईट असते.

मग, गाड्या हलवण्यापूर्वी, फोटो. लोक इथेच चुकतात. सगळे जवळून काढतात, बंपरचा पोचा, तुटलेला दिवा. त्यातून नुकसान दिसतं, चूक दिसत नाही. चूक दिसते ती लांबून काढलेल्या फोटोत: दोन्ही गाड्या एका चौकटीत, रस्त्याची पट्टी, सिग्नलचा खांब, टायर घासल्याच्या खुणा, काचेचा चुरा नेमका कुठे पडलाय ते. चारही कोपऱ्यांतून एकेक फोटो काढा आणि मग एक सलग व्हिडिओ, ज्यात आजूबाजूच्या दुकानांच्या पाट्या येतील. ट्रॅफिक तुंबलं असेल आणि लोक ओरडत असतील तर निदान तो व्हिडिओ तरी घ्या, वीस सेकंद पुरतात. त्यानंतर गाड्या कडेला.

समोरच्याचं काय घ्यायचं? गाडीचा नंबर, ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो, आरसी, पॉलिसी. चालक आणि मालक वेगळे असतील तर मालकाचं नाव आणि फोन. पॉलिसी दाखवायला तो तयार नसेल तर एमपरिवहन ॲपमध्ये गाडीचा नंबर टाका. विमा कोणत्या कंपनीचा आणि कधीपर्यंत ते दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट तिथेच घ्या.

त्या पोराला मी तेव्हा सांगितलं ते तुम्हीही सांगू शकता: "दादा, मी तुझ्यावर सूड उगवत नाहीये. मालकाने विमा याचसाठी काढलाय. कागद नीट झाले तर तुझ्या खिशाला हात लागणार नाही." हे खरंच आहे. थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे तो याच कारणाने, की नुकसान झालेल्याला पैसे मिळावेत आणि चुकलेला माणूस देशोधडीला लागू नये. भांडण केलं तर समोरचा कागद लपवतो. हे समजावलं तर बहुतेक वेळा देतो.

साक्षीदार हवेत. "मी बघितलंय, सिग्नल लाल होता" म्हणणारा माणूस दोन मिनिटांत गर्दीत नाहीसा होतो. त्याचा नंबर लगेच घ्या आणि त्यालाच व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून पाठवायला सांगा. समोरच्या दुकानाला कॅमेरा असेल तर दुकानदाराला त्याच दिवशी भेटा. ही रेकॉर्डिंग काही दिवसांत स्वतःवरच पुन्हा लिहिली जातात. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्या काकांकडे संध्याकाळी गेलो, त्यांनी स्क्रीनवर ते चाळीस सेकंद लावले आणि मी मोबाइलने ते चित्रित केले. धूसर होतं, पण लाल दिवा आणि थांबलेली माझी गाडी स्पष्ट दिसत होती. गाडीत डॅशकॅम असेल तर कार्ड काढून आधी प्रत करून ठेवा.

आणि एक गोष्ट करू नका: "माझंही थोडं चुकलं असेल" असं सौजन्यापोटी म्हणू नका, लिहूनही देऊ नका. मोटार पॉलिसीतच अट असते की कंपनीच्या लेखी संमतीशिवाय जबाबदारी मान्य करायची नाही किंवा कुणाला पैसे देण्याचं कबूल करायचं नाही.

पोलिसांकडे काय लिहिलं जातं

मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ नुसार अपघातातल्या चालकाने जखमीला मदत करायची आणि पोलिसांना लवकरात लवकर, उशिरात उशिरा २४ तासांत, कळवायचं असतं. कुणाला इजा झाली असेल तर गुन्हा नोंदवला जायलाच हवा. भरधाव, बेदरकार गाडी चालवण्याचं कलम आता भारतीय न्याय संहितेत २८१ आहे. इजा झाली तर १२५, मृत्यू झाला तर १०६.

फक्त पत्रा चेपला असेल तर बऱ्याचदा ठाण्यात सांगतात, आपसात मिटवा. तुम्ही किमान एक लेखी अर्ज द्या आणि त्याच्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि नोंद क्रमांक घ्या. त्या एका शिक्क्याचं मोल नंतर कळतं.

जबाब देताना मोघम शब्द चालवून घेऊ नका. "दोन वाहनांचा अपघात झाला" या वाक्यातून काहीच सिद्ध होत नाही. "सिग्नल लाल असल्याने माझे वाहन थांबलेले असताना वाहन क्रमांक अमुक याने मागून येऊन धडक दिली" हे वाक्य सगळं सांगतं. वेळ, दिशा, कोणती लेन, आपला वेग, समोरच्याची हालचाल, हे जबाबात आलंय का ते वाचा आणि मगच सही करा. घटनास्थळाचा पंचनामा झाला तर त्याची प्रत मागा.

कंपनीला कळवा, आणि क्लेम फॉर्म स्वतः भरा

आपल्या विमा कंपनीला त्याच दिवशी कळवा, ॲपवरून किंवा फोनवरून. क्लेम नंबर मिळाला की एक ईमेलही टाका, म्हणजे तारखेचा पुरावा राहतो. सर्व्हे, म्हणजे कंपनीकडून नुकसानीची पाहणी, होईपर्यंत गाडीला हात लावू देऊ नका. गाडी चालण्याजोगी नसेल तर टोइंग करून न्या. मोडलेली गाडी तशीच चालवत नेल्याने इंजिनचं जास्तीचं नुकसान झालं तर कंपनी तेवढं नाकारू शकते.

आता मी ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसलो ती. वर्कशॉपमध्ये ॲडव्हायझरने माझ्यापुढे क्लेम फॉर्म सरकवला आणि म्हणाला, "फक्त सही करा, बाकी आम्ही भरतो." मी विचारलं, काय भरणार? तो सहज म्हणाला, "गाडी रिव्हर्स घेताना खांबाला लागली. समोरच्या गाडीचा नंबर टाकला की पोलिसाचे कागद मागतात, क्लेम लांबतो."

तो बिचारा वाईट हेतूने बोलत नव्हता. त्याच्या रोजच्या कामात हे सोयीचं होतं. कुणाचा खांब, कुणाची गाय आडवी आली, कुणाचा कुत्रा, हे वर्कशॉपच्या फॉर्मवर रोज लिहिलं जातं. पण ती सही केली असती तर दोन गोष्टी झाल्या असत्या. एक, मी विमा कंपनीला खोटी माहिती दिली असती, आणि खोट्या माहितीवर दावा फेटाळायला कंपनी मोकळी असते. दुसरी, पिकअपच्या मालकाकडून एक रुपयाही मागायची सोय राहिली नसती, कारण माझाच कागद सांगत होता की चूक माझी.

त्यामुळे फॉर्म कोरा सोडून सही कधीच करू नका. अपघाताचं वर्णन स्वतःच्या हाताने लिहा. त्यात समोरच्या गाडीचा नंबर, चालकाचं नाव आणि पोलिस नोंदीचा क्रमांक येऊ द्या. भरलेल्या फॉर्मचा फोटो काढून ठेवा. माझा क्लेम यामुळे चार दिवस लांबला. तेवढंच.

सर्व्हेअर येतो तेव्हा

मोटारीच्या ५०,००० रुपयांच्या वरच्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी लागते. लहान दाव्यांत कंपनीचा माणूस किंवा व्हिडिओ कॉलवरची पाहणी चालते. शक्य असेल तर पाहणीच्या वेळी तिथे हजर राहा. मागून धडक बसलेल्या गाडीत बाहेरून बंपर आणि डिकी दिसते, पण आतला फ्लोअर दबलेला असतो, चासीचा टोकाचा भाग वाकलेला असतो, आणि डिकीखालच्या वायरिंगला ताण बसलेला असतो. हे गाडी खोलल्यावरच कळतं. म्हणून पहिल्या अंदाजपत्रकावर विषय संपवू नका. खोलल्यावर पुन्हा पाहणी मागा आणि वाढीव अंदाजपत्रक लेखी जोडायला लावा.

माझ्या गाडीत डिकीचं दार बदलल्यावरही डाव्या बाजूला करंगळी जाईल एवढी फट राहत होती. मिस्त्रीने टेप लावून दाखवलं, फ्लोअर आत सरकला होता. त्याने ते पहिल्याच दिवशी सांगितलं नसतं तर पहिल्या पावसात डिकीत पाणी असतं.

हिशेब: मिळतं किती, जातं किती

कंपनी कोणतीही असो, पद्धत सगळीकडे साधारण सारखी. झीज वजा होते: प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांवर ५० टक्के, फायबरग्लासवर ३० टक्के, काचेवर काहीच नाही. लोखंडी भागांवर गाडीच्या वयाप्रमाणे: सहा महिन्यांपर्यंत शून्य, वर्षापर्यंत ५ टक्के, दोन वर्षांपर्यंत १०, तीनपर्यंत १५, चारपर्यंत २५, पाचपर्यंत ३५, दहापर्यंत ४०, त्यापुढे ५०. रंगकामाचं बिल एकत्र असेल तर त्याचा चौथा हिस्सा रंगाचं साहित्य धरतात आणि त्यावर ५० टक्के कापतात. मजुरी पूर्ण मिळते. शेवटी सक्तीची वजावट, म्हणजे प्रत्येक दाव्यात आपण स्वतः सोसायची रक्कम: १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये, त्यावर २,०००.

माझी गाडी साडेचार वर्षांची, १२०० सीसीची. आकडे सोपे करून मांडतो. बंपर ९,००० चा, मिळाले ४,५००. डिकीचं दार आणि पत्रा २२,०००, त्यातून ३५ टक्के गेले, मिळाले १४,३००. दिवे ५,०००, मिळाले २,५००. मागची काच ८,०००, सगळे मिळाले. रंग १२,०००, मिळाले १०,५००. मजुरी ९,०००, सगळी. बिल ६५,००० चं, कंपनीकडून ४८,८०० आणि त्यातून वजावट १,०००, म्हणजे ४७,८००. खिशातून गेले १७,२००. झिरो डेप्रिसिएशनचं ॲड-ऑन असतं तर झिजेचे हे पैसे वाचले असते, फक्त वजावट राहिली असती.

हे झालं दिसणारं. न दिसणारं म्हणजे नो क्लेम बोनस. दावा न केलेल्या वर्षांनुसार ओन डॅमेजच्या हप्त्यावर २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के सूट मिळते. एक दावा केला की पुढच्या नूतनीकरणाला शून्य, आणि पुन्हा पहिल्या पायरीपासून चढाई. चूक कुणाचीही असो. समजा तुम्ही ५० टक्क्यांवर होतात आणि बोनसआधीचा ओन डॅमेजचा हप्ता १२,००० आहे. पहिल्या वर्षी ५० टक्के गमावता, दुसऱ्या वर्षी ३०, मग २५, १५, ५. बेरीज १२५ टक्के, म्हणजे १५,००० रुपये. गाडी जुनी होते तसा हप्ता उतरतो, त्यामुळे प्रत्यक्षात थोडं कमी धरा. ज्यांच्याकडे बोनस जपणारं ॲड-ऑन आहे त्यांनी त्याच्या अटी आधी वाचाव्यात.

१७,२०० आणि १५,००० मिळून ३२,२००, वर आईच्या औषधोपचाराचे काही (ते पुढे येईल). म्हणून म्हटलं, पस्तीस हजारांच्या आसपास. यातूनच दुसराही निष्कर्ष निघतो: खर्च सात-आठ हजारांचा असेल आणि बोनस मोठा असेल तर स्वतःच्या विम्यावर दावा करूच नका. त्या वेळी समोरच्याने रोख देऊ केले तर ते घेणं शहाणपणाचं आहे, फक्त वर्कशॉपचं अंदाजपत्रक हातात आल्यावर.

दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विमित मूल्याच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांहून जास्त गेला तर गाडी 'टोटल लॉस' धरली जाते. तेव्हा झीज वगैरे कापत नाहीत, आयडीव्हीवर हिशेब होतो.

आपलीच कंपनी अडवत असेल तर

विमा नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना मुदती बांधून दिल्या: सर्व्हेअरची नेमणूक २४ तासांत, त्याचा अहवाल १५ दिवसांत, आणि अहवालानंतर ७ दिवसांत निर्णय. फोनवर भांडण्यापेक्षा या तारखा ईमेलमध्ये मांडा. उत्तर नाही आलं तर कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, मग नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर. तिथेही भागलं नाही तर विमा लोकपाल, ज्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यात आहेत. लोकपालाकडे पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी ते ऐकतात, आणि कंपनीच्या नकारानंतर एका वर्षात जायचं असतं. मात्र ते तुमच्या आणि तुमच्याच कंपनीच्या भांडणासाठी. समोरच्याच्या कंपनीविरुद्ध लोकपाल नाही आणि ग्राहक आयोगही नाही, कारण तिचे तुम्ही ग्राहक नाही.

थोडे वेगळे प्रसंग

तुमच्याकडे फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तुमच्या गाडीच्या दुरुस्तीचा एक रुपयाही त्यातून मिळत नाही. सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा एकदम घ्यावा लागतो, पण त्यासोबतचा ओन डॅमेज बहुतेकदा एकाच वर्षाचा असतो. लोक पॉलिसीवरची तीन वर्षांची तारीख बघून निर्धास्त राहतात आणि दुसऱ्या वर्षी ओन डॅमेज संपलेला असतो. आजच आपली पॉलिसी उघडून दोन्ही तारखा वेगवेगळ्या बघा.

धडक देणारा पळून गेला आणि नंबर मिळाला नाही, तर गाडीसाठी आपलाच विमा. माणसांसाठी हिट अँड रनची सरकारी भरपाई आहे, मृत्यूला २ लाख, गंभीर दुखापतीला ५०,०००. अर्ज अपघात झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात.

समोरच्याकडे विमाच नसेल तर मालक स्वतः देणं लागतो. विमा नसल्याचा स्क्रीनशॉट पोलिसांना लगेच द्या. विमा नसलेलं अपघातग्रस्त वाहन मालकाने तारण दिल्याशिवाय सोडू नये असा नियम आहे. ड्रायव्हर प्यायलेला होता किंवा लायसन्स नव्हतं, म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. अशा प्रकरणांत न्यायाधिकरणं बहुधा कंपनीला आधी भरपाई द्यायला लावतात आणि मग मालकाकडून वसूल करायला सांगतात.

कुणाला लागलं असेल तर

आईला त्या दिवशी काही झालं नाही असंच वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मान वळवता येईना. डॉक्टरांनी दोन आठवडे पट्टा दिला. त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं तर बरं झालं असतं, असं मला अजून वाटतं. धडकेनंतर शरीर तापलेलं असतं, दुखणं मागून येतं. म्हणून गाडीत असलेल्या प्रत्येकाला, विशेषतः मोठ्या माणसांना आणि मुलांना, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा आणि केसपेपरवर "रस्ते अपघात" असं लिहून घ्या.

मे २०२५ मध्ये केंद्राने अपघातग्रस्तांसाठी कॅशलेस उपचारांची योजना लागू केली: नेमून दिलेल्या रुग्णालयांत दीड लाखांपर्यंतचे उपचार, अपघातापासून सात दिवस. ११२ ला फोन करून जवळच्या अशा रुग्णालयाची चौकशी करता येते.

इजा किंवा मृत्यूच्या प्रकरणात एप्रिल २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी पहिला अपघात अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाला द्यायचा असतो. त्यावर विसंबून घरी बसू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ खाली आपला अर्ज अपघातापासून सहा महिन्यांत करा. तो कुठे करायचा हे तुम्ही ठरवता: अपघात झाला तिथे, तुम्ही राहता तिथे, किंवा समोरचा राहतो तिथे. तुम्ही सांगलीचे आणि धडक बसली गोव्यात म्हापशाजवळ, तरी दावा सांगलीत लावता येतो. चूक सिद्ध करणं अवघड असेल तर कलम १६४ आहे: मृत्यूला ५ लाख, गंभीर दुखापतीला अडीच लाख, चूक दाखवायची गरज नाही. पण हे घेतलं की १६६ चा दावा चालत नाही. १६६ मध्ये उत्पन्न, वय, अपंगत्व, पुढचा उपचार हे सगळं धरलं जातं आणि इजेच्या व मृत्यूच्या भरपाईला कंपनीसाठी वरची मर्यादा नसते. कमावता माणूस गेला किंवा कायमचा जायबंदी झाला असेल तर १६४ ची सही करण्यापूर्वी जाणत्या वकिलाला भेटा.

रुग्णालयाच्या दारात काही लोक भेटतात, "केस आम्ही लढतो, निम्मे आमचे". त्यांच्या कोऱ्या वकालतनाम्यावर सही करू नका. जिल्हा न्यायालयातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. महिलांना, अनुसूचित जाती-जमातींना आणि कमी उत्पन्न असलेल्यांना तिथे मोफत वकील मिळतो. गाडीचा मालक स्वतः चालवत होता आणि गेला किंवा कायमचा अपंग झाला, तर त्याच्या स्वतःच्या पॉलिसीत १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का तेही बघा. शोकात असलेल्या घराला हे कुणीतरी बाहेरच्यानेच सांगावं लागतं.

खिशातून गेलेले पैसे समोरच्याकडून

आता परत गाडीकडे. दुरुस्ती झाल्यावर कंपनीकडून दाव्याचा तपशील मागून घ्या, ज्यात कोणत्या भागावर किती कापलं ते लिहिलेलं असतं. तो कागद म्हणजे तुमची मागणी. त्याला बिल, पैसे भरल्याची पावती, बोनस गेल्यामुळे वाढलेल्या हप्त्याचं कोटेशन, फोटो आणि पोलिस अर्जाची प्रत जोडा आणि गाडीच्या मालकाला व त्याच्या विमा कंपनीला, दोघांना, स्पीड पोस्टाने पत्र पाठवा. पत्र एका पानाचं असू द्या: कधी, कुठे, कोणत्या गाडीने, किती नुकसान, त्यातलं किती माझ्या विम्यातून मिळालं, किती राहिलं, आणि तीस दिवसांत न मिळाल्यास न्यायाधिकरणात दावा लावेन. पॉलिसीचा तपशील मिळाला नसेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १६० प्रमाणे पोलिस ठाणं किंवा आरटीओ तो द्यायला बांधील आहे.

जे तुमच्या कंपनीने दिलं ते पुन्हा मागू नका. त्याची वसुली करायची की नाही ते ती बघेल. कंपन्यांचा आपसात 'नॉक फॉर नॉक' नावाचा समझोता असतो, ज्याने त्याने आपल्या ग्राहकाची गाडी करून द्यायची. तो समझोता कंपन्यांचा आहे, तुमचा नाही. तुमच्या खिशातून गेलेल्या पैशांवरचा तुमचा हक्क त्याने संपत नाही.

न्यायाधिकरणात मालमत्तेच्या नुकसानीचा दावाही लावता येतो. सहा महिन्यांची मुदत इथेही आहे. चालक, मालक आणि विमा कंपनी अशा तिघांना प्रतिवादी करतात. मोटार आणि व्यापारी वाहनांच्या पॉलिसीत तिसऱ्याच्या मालमत्तेसाठी साधारण साडेसात लाखांपर्यंत संरक्षण असतं, दुचाकीला एक लाख. मालकाने हप्ता वाचवायला ते ६,००० वर आणलं असेल तर उरलेलं त्याच्या खिशातून. पंधरा-वीस हजारांसाठी तारखांना जाणं परवडतं का, हे ज्याचं त्याने ठरवावं. दावा लावून राष्ट्रीय लोक अदालतीत ठेवायची विनंती केली तर एका बैठकीतही मिटू शकतो.

माझं तिथवर गेलं नाही. पत्र पोहोचल्यावर आठवड्याने पिकअपच्या मालकाचा फोन आला. पहिलं वाक्य रागाचं होतं, "तुमचं तर विम्यातून झालंय ना?" मी त्यांना कपातीचा कागद व्हॉट्सॲपवर पाठवला आणि मेडिकलवाल्या काकांकडचा तो व्हिडिओही. दोन दिवसांनी ते स्वतः आले. चहा झाला. २२,००० वर जमलं, त्यांनी यूपीआयने दिले. त्यांनी आणलेल्या कागदावर लिहिलं होतं, "पूर्ण व अंतिम, यापुढे कोणतीही मागणी राहणार नाही." आईच्या मानेची तपासणी तेव्हा बाकी होती, म्हणून ते वाक्य मी खोडलं आणि खाली असं लिहून दोघांनी सह्या केल्या: "वाहनाच्या नुकसानीपोटी, माझ्या विमा कंपनीने दिलेली रक्कम वगळून, रुपये २२,००० मिळाले. शारीरिक इजेबाबतचे हक्क अबाधित." निघताना मी त्या पोराची चौकशी केली. काम चालू होतं त्याचं. सकाळीच पिंपळगावला माल घेऊन गेला होता.